समई विझवणारा उजेड

चतुर्थी झाली की दुसऱ्या दिवसापासून वाडीवाडीतले आरतीचे फोटो मोबाइलवर फिरायला लागतात. त्यातला एक कुडाळकडच्या घरातला. मुंबईहून आलेल्या नातवाने नव्या कॅमेऱ्यावर नवा फ्लॅश चढवून काढलेला. पुढच्या रांगेतले चेहरे पिठात बुडवून काढल्यासारखे, मूर्तीच्या कपाळावर पांढरा ठिपका, माटवीतले, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीतले, आंब्याचे टाळे आणि नारळ अर्धेमुर्धे, आणि मागच्या भिंतीपासून पुढे सगळा काळोख. आजीने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन फोटो बघितला आणि विचारलं, "समई पेटवूक नाय काय रे?" समई पेटलेली होती. नीट बघितलं तर फोटोत वातही सापडते. तिचा उजेड मात्र कुठेच पडलेला नाही.

आजीचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. फ्लॅश लागलाय हे कळलं की बहुतेक कॅमेरे ऑटोमध्ये शटर, म्हणजे पडदा उघडा राहण्याचा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास आणतात, आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० च्या घरात ठेवतात, आणि सोबतची किट लेन्स एफ/५.६ वर असते (एफचा आकडा लेन्सच्या तोंडाचा, म्हणजे अपर्चरचा; आकडा लहान तितकं तोंड मोठं). माजघरातल्या दोन समया आणि एक पिवळा बल्ब यांचा उजेड एवढ्या बेतात नोंदलाच जात नाही. मग फोटोत उरतो तो फक्त फ्लॅशचा उजेड, तोही लेन्सच्या वरून सरळ समोर फेकलेला. आयएसओ १६०० आणि पन्नास एमएमची साधी लेन्स एफ/२.८ वर आणली की खोलीतला उजेड सोळापट जास्त नोंदला जातो. समई फोटोत परत येते. आता फ्लॅशने करायचं काम उरतं ते चेहऱ्यांवरच्या सावल्या जरा उचलण्याचं, आणि त्यासाठी लागणारी शक्ती ऐकली तर दुकानात आकडे तोंडपाठ म्हणून दाखवणारा पोरगा हिरमुसेल. पांढऱ्या भिंतीवर आपटून, भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून माणसांपर्यंत मिळून चार मीटरचा प्रवास धरला, तरी पूर्ण शक्तीचा १/३२ भाग पुरतो. बऱ्याचदा १/६४ सुद्धा.

तरी लोक फ्लॅश निवडतात तो खोक्यावरचा मोठा आकडा बघून.

तो आकडा म्हणजे गाइड नंबर. आयएसओ १०० ला फ्लॅश किती मीटरवर पोचतो आणि त्या अंतराला कोणतं अपर्चर लागतं, या दोघांचा गुणाकार. हिशेब सोपा आहे: आकड्याला अपर्चरने भागलं की अंतर मिळतं. गोम अशी की फ्लॅशच्या डोक्याचा झूम जितका लांब, तितका उजेड एकवटतो आणि आकडा फुगतो. खोक्यावर छापतात तो बहुधा सगळ्यात लांबच्या झूमचा. कॅनन ६००ईएक्स-आरटीचा आकडा ६०, पण २०० एमएमला. तोच फ्लॅश ३५ एमएमला ३६ वर येतो आणि २४ एमएमला २८ वर. निकॉन एसबी-७०० चा आकडा छापील २८ दिसतो, कारण तो ३५ एमएमला मोजलेला आहे. साठ आणि अठ्ठावीस म्हणजे दुप्पटीहून जास्त फरक असं गिऱ्हाइकाला वाटतं. खरी तुलना ३६ आणि २८ ची, म्हणजे एका स्टॉपहूनही कमी फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एवढं अंतर आयएसओची चकती एक घर फिरवून मिटतं. तेव्हा दोन फ्लॅश शेजारी ठेवून तोलायचे तर दोघांचा ३५ एमएमचा आकडा काढावा. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही.

शक्तीपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते फ्लॅशचं डोकं किती वळतं. फ्लॅशबद्दल जे काही शिकवलं जातं त्यातलं पहिलं वाक्य असतं, "छताकडे वळवा." हे वाक्य स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. पांढरं, सपाट, दहा फुटांवरचं छत. आपल्याकडच्या जुन्या घरात मान वर केली तर कौलं दिसतात, तीही उतरती, वर्षानुवर्षांच्या धुराने काळवंडलेली. नाहीतर माळ्याच्या फळ्या. कौलाकडे फेकलेला उजेड तिथेच मुरतो. थोडाफार खाली येतो तो तांबडा होऊन. शिवाय उतरत्या छपरावरून तो तुमच्याकडे न येता भलतीकडेच जातो. मग फ्लॅश आपोआप शक्ती वाढवत नेतो, प्रत्येक फोटोला पूर्ण चार्ज ओततो, आणि आरती "घालीन लोटांगण"पर्यंत पोचेस्तोवर सेल झोपतात.

अशा घरात भिंती बघायच्या. ओटीवर आणि माजघरात एखादी तरी भिंत पांढरी किंवा फिकट असते. फ्लॅशचं डोकं बाजूला किंवा सरळ पाठीमागे वळवून उजेड त्या भिंतीवर मारायचा. म्हणून डोकं डावी-उजवीकडे मिळून निदान ३३० अंश फिरणारं हवं. सगळ्यात स्वस्त फ्लॅशची डोकी नुसती वर उचलतात, बाजूला वळत नाहीत, ती आपल्या काही कामाची नाहीत. भिंत मोरपंखी असेल तर चेहरे आजारी दिसतील, आणि गिलावा न केलेल्या चिऱ्याची असेल तर सगळेच उन्हात भाजून आल्यासारखे. चिऱ्याच्या भिंतीचा रंग कॉम्प्युटरवर काढायला बसू नये. चेहऱ्याची एक बाजू तांबडी आणि समईकडची पिवळी असते, एक सुधारली की दुसरी बिघडते. त्यापेक्षा भिंतीवर धुतलेली पांढरी चादर टांगावी. किंवा फ्लेक्स छापणाऱ्याकडून ५ मिलिमीटरचा पांढरा सनबोर्ड घ्यावा, दोन बाय तीन फुटांचा तुकडा, आणि कोणा पोराच्या हातात द्यावा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आल्यापासून मखरासाठी सनबोर्ड सगळीकडे मिळतो, उरलेला तुकडा तर फुकटच.

इथे एका प्लॅस्टिकच्या टोपीबद्दल बोलायला हवं. फ्लॅशसोबत एक दुधी टोपी येते, डिफ्यूझर म्हणून. ती चढवली की उजेड मऊ होतो असा पक्का समज आहे, आणि लग्नात उघड्या मांडवात, रात्री, वर आभाळ असतानाही ती चढवलेली दिसते. उजेड मऊ होतो तो उजेडाचा स्रोत माणसाच्या मानाने मोठा झाला की. टोपीने फ्लॅशचं तोंड जेमतेम बोटभर मोठं होतं. पांढऱ्या भिंतींच्या छोट्या खोलीत ती उजेड चारी बाजूंना उधळते आणि भिंती तो परत पाठवतात, म्हणून तिथे बरी दिसते. उघड्यावर तो उधळलेला उजेड परत पाठवायला कोणी नसतं. सावली तितकीच कडक राहते आणि दीडदोन स्टॉप शक्ती मात्र वाया जाते. मांडवाचं कापड गुलाबी-पिवळं असेल तर त्याच्यावरून आलेल्या उजेडात नवरीचा रंग काय होईल हे मांडववाल्याच्या हातात.

या सगळ्यातून एकच गोष्ट निघते, आणि खरेदीच्या वेळी ती सगळ्यात आधी ठरवावी असं माझं मत आहे: कोकणात फ्लॅश घ्यायचा तो कॅमेऱ्यावरून उतरवून वापरण्यासाठी. म्हणजे पैसे दोन वस्तूंत वाटायचे, फ्लॅश आणि रेडिओ ट्रिगर, म्हणजे दूरच्या फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र. रेडिओच. उजेडाच्या इशाऱ्यावर चालणारी जुनी पद्धत खोलीत चालते, पण किनाऱ्यावरच्या उन्हात फ्लॅशला इशारा दिसत नाही, आणि लग्नात तर दुसऱ्या कोणाच्याही फ्लॅशने आपला उडतो. २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच असलेले फ्लॅश आता सहज मिळतात. गोडॉक्स टीटी६०० त्यातलाच. टीटीएल नाही, शक्ती हाताने पूर्ण ते १/१२८ ठरवायची, किंमत त्यांच्याच टीटीएलवाल्या भावंडाच्या जवळपास निम्मी. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक पूर्वझोत सोडून उजेड मोजतो आणि मग खरा झोत ठरवतो. वरातीत, जिथे अंतर दर फोटोला बदलतं, तिथे ते वाचवतं. पण मखरासमोर, भाताच्या खळ्यात किंवा स्टॅण्डवर फ्लॅश लावून काढलेल्या घरच्यांच्या फोटोत अंतर बदलत नाही. तिथे टीटीएल त्रासच देतं: मूर्तीचा चकचकीत मुकुट चौकटीत आला की उजेड कमी, काळा कोट आला की जास्त. हाताने एकदा १/३२ लावला की शंभरावा फोटोही पहिल्यासारखाच येतो.

स्वस्तातला फ्लॅश घेताना एक खाचखळगा हमखास लागतो. कॅननचे १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ हे कॅमेरे आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या हॉट शूच्या, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, मधोमध असणारं गोल टोक कॅननने काढून टाकलंय. फक्त त्या एका टोकावर चालणारे साधे फ्लॅश आणि साधे ट्रिगर या कॅमेऱ्यांवर उडतच नाहीत, आणि दुकानदार दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडवून दाखवतो, त्यामुळे माल खराब नाही हेही सिद्ध होतं. अशा कॅमेऱ्याला कॅननची बाजूची टोकं ओळखणारा ट्रिगर लागतो. तो कॅमेऱ्यावर चढवला की टीटी६०० सारखा साधा फ्लॅश दूर स्टॅण्डवरून उडतो. सोनीच्या शूमध्ये पुढच्या बाजूला बारीक टोकांची रांग आहे, तिथे दुसऱ्या कंपनीसाठी बनवलेला फ्लॅश मध्यबिंदूवर उडेल, पण टीटीएल आणि हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणं) विसरायचं. मुंबईत बोरा बाजारात घ्या, कोल्हापुरात घ्या किंवा घरबसल्या मागवा, आपला कॅमेरा सोबत ठेवून त्याच्यावरच उडवून बघितल्याशिवाय पैसे सोडू नयेत. आणि उडत नसेल तर आधी कॅमेऱ्याचं सायलेंट शटर बंद आहे ना ते बघावं. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मोठ्या आकड्याची खरी गरज पडते ती दुपारच्या पुळणीवर. लग्नाआधीचे फोटो काढायला तारकर्ली-गणपतीपुळ्याला येणारी जोडपी अकरा वाजता उन्हात उभी राहतात, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली. भर उन्हाचा हिशेब आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१००, म्हणजेच एफ/११ आणि १/२००. आता ३६ ला ११ ने भागा: उघडा फ्लॅश पूर्ण शक्तीवर सव्वातीन मीटर पोचतो. मऊपणासाठी पांढरी छत्री लावली की दोन स्टॉप जातात आणि अंतर निम्मं होतं, दीड मीटरच्या आसपास. छत्री चौकटीत शिरते, वाराही तिला घेऊन जातो. मागचं धूसर करायला एफ/२.८ हवं म्हणून शटर १/३२०० वर न्यावं, तर साधा फ्लॅश फोटोत काळा पट्टा टाकतो, कारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आत दुसरा निघालेला असतो. हाय-स्पीड सिंक त्यावर झोताचे बारीक बारीक तुकडे करून मात करतं, पण उजेड दोन स्टॉपहून जास्त घटतो. एकट्या खिशातल्या फ्लॅशला दुपारचं ऊन झेपत नाही. तिथे २०० वॉट-सेकंदाचा मोठा दिवा घ्यावा, किंवा सुरूच्या बनाच्या सावलीत जावं. सूर्य बुडायला अर्धा तास उरला की तोच लहान फ्लॅश १/४ वर छत्रीतूनही पुरतो. मला विचाराल तर मोठ्या दिव्यापेक्षा अर्धा तास थांबणं स्वस्त पडतं. स्टॅण्डच्या पायाला वाळूची पिशवी मात्र बांधायची, वाळू फुकट आहे.

शिमग्यात गणित वेगळं. रत्नागिरीकडे पालखी नाचवतात तेव्हा खांद्यावरची पालखी, खालचे चेहरे, मागच्या ट्यूबलाइटी, सगळं एकदम हलत असतं. इथे शटर मुद्दाम हळू ठेवायचं, १/१५, आयएसओ ८००, अपर्चर एफ/४. उजेडाच्या रेषा ओढल्या जातात आणि फ्लॅश एक क्षण गोठवतो. २४ एमएमला तीन-साडेतीन मीटरवरच्या माणसांसाठी १/३२ शक्ती पुरते. झोत पहिल्या पडद्याला उडाला तर रेषा पालखीच्या पुढे जातात आणि ती उलटी चालल्यासारखी दिसते. म्हणून मेनूत शोधून दुसऱ्या पडद्याचा सिंक लावायचा, म्हणजे झोत शटर मिटायच्या जरा आधी उडतो. इथे फ्लॅश टीटीएलवर नसलेला बरा. पूर्वझोत आधीच उडतो, लोकांना वाटतं झाला फोटो, आणि खरा झोत येईपर्यंत निम्मे मान वळवतात. फ्लॅश लेन्सपासून हातभर लांब धरायचा, कारण हवेत गुलाल असतो. अर्ध्या मीटरवरच्या गुलालाच्या कणाला तीन मीटरवरच्या माणसाच्या छत्तीसपट उजेड मिळतो आणि तो गोल ठिपका होऊन समोर चमकतो. मृगाच्या पावसातही हेच.

रंगाचं राहिलं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाच्या जातीचा. समईची ज्योत २००० च्या खाली. दोन्ही एका चौकटीत आले की चेहरे निळसर आणि मागचं घर भगवं. यावर नारिंगी जेलचा, म्हणजे पारदर्शक रंगीत प्लॅस्टिकचा तुकडा फ्लॅशच्या तोंडाला लावायचा; या जेलला सीटीओ म्हणतात. पूर्ण सीटीओ उजेड २९०० च्या आसपास आणतो, अर्धा ३८०० वर. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग) ३५०० च्या आसपास ठेवला तर माणसं माणसांसारखी आणि ज्योत सोन्यासारखी राहते. जेलचा एक ताव घेतला की दहा फ्लॅशचं भागतं. फोटोच्या दुकानात जे छोट्या पाकिटात मिळतं तेच नाटकाच्या लाइटवाल्याकडे तावावर मिळतं.

आणि काही ठिकाणी फ्लॅश पिशवीतच राहू द्यावा. दशावतारात राजा आणि राक्षस गिरक्या घेत तलवारी फिरवत असतात. समोरून झोत डोळ्यांत गेला की पुढची दोन पावलं नट आंधळा असतो. आता रंगमंचावर एलईडी पुरेसे असतात, आयएसओ ३२००, एफ/२.८, १/१६० वर भागतं. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना फ्लॅशला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. जूनच्या तोंडावरच्या काजव्यांचं तर सांगायलाच नको, एका झोताने अख्खं झाड विझतं.

शेवटी सेल आणि खारी हवा, कारण आपल्याकडे फ्लॅश मरतो तो बहुधा यांनीच. दोन डबल-ए सेल दुकानातून घेतले आणि घातले, हे रिमोटचं झालं. फ्लॅशला चार लागतात, तेही रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड, २००० एमएएचच्या आसपासचे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असतो, तरी ते मोठा प्रवाह पटकन देतात, म्हणून फ्लॅश अडीच-तीन सेकंदांत भरतो. अल्कलाइनवर हळूहळू तो वेळ दहा-पंधरा सेकंदांवर जातो. चार-चारच्या जोड्यांवर मार्करने अ, ब लिहून ठेवावं आणि जोड्या मोडू नयेत. एक कमजोर सेल बाकी तिघांना ओढतो. तयारीचा दिवा लागला म्हणजे पूर्ण भरला असं नसतं, अजून सेकंदभर थांबावं. लग्नात सलग वीस-तीस झोत पूर्ण शक्तीवर मारले की बरेच फ्लॅश गरम होऊन स्वतःच दमाने घेतात. हा बिघाड नसतो, आयएसओ वाढवून शक्ती उतरवली की थांबतो.

समुद्रावरून आल्यावर फ्लॅश आधी पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसावा, मग कोरड्याने. नुसतं कोरडं फडकं मीठ घासत नेतं. पायाची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावीत. चकाकी गेली, हिरवट दिसायला लागलं की उडायचं-न उडायचं सुरू होतं, आणि लोक ट्रिगरला शिव्या देतात. अल्कलाइन सेल आत फुटला असेल तर स्प्रिंगवरचा पांढरा थर व्हिनेगरच्या थेंबाने जातो, नंतर अल्कोहोल. सेलच्या कप्प्याचं झाकण, एवढ्यावरच थांबावं; स्क्रू खोलू नयेत. आतला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि सेल काढल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. पावसाळ्यात सेल बाहेर काढून, फ्लॅश घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणारी सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर तव्यात परतून परत नारिंगी करता येतात; तवा वेगळा ठेवावा. महिन्यातून एकदा डबा उघडायचा, सेल घालून पाचसहा पूर्ण झोत मारायचे, म्हणजे कपॅसिटर पडून राहून कमजोर होत नाही.

जुना, वडलांच्या फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश कपाटात सापडला तर तो तसाच डिजिटलवर चढवू नये. सेल घालून चार्ज होऊ द्यावा आणि पायाचं मधलं टोक व बाजूची पट्टी यांच्यामधला दाब मल्टिमीटरने बघावा. काही जुन्या फ्लॅशचा हा आकडा दोनशेच्याही वर जातो, आणि कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलेली मर्यादा कुठे २५० असते तर कुठे फक्त ६. आकडा मर्यादेत बसला तर त्या जुन्या फ्लॅशला साधा रिसीव्हर लावून माजघरातल्या खांबामागे ठेवता येतो. रिसीव्हरची स्वतःची मर्यादाही तेवढी आधी वाचून घ्यावी.